आतून पिवळं

डोंबिवली पूर्व, ६ एप्रिल २०२५

प्रिय राजरत्न,

आधी ‘जयभीम’ लिहिलं होतं, ते खोडून ‘प्रिय’ केलं. कळव्याच्या चाळीत तू जयभीम म्हणायचास, मीही म्हणायचो, त्यात विशेष काही नव्हतं. आज हात अडखळला, म्हणजे विशेष काहीतरी झालेलं आहे.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. पोस्टाला ब्लॉक करता येत नाही. सरकारनं एवढी एक सोय निर्लज्ज माणसांसाठी अजून चालू ठेवली आहे.

परवा शीळफाट्याला रिक्षाच्या रांगेत माया भेटली. तिनं ओळख दिली, हा तिचा मोठेपणा. मी शालनमावशींची चौकशी केली. म्हणाली, बऱ्या आहेत, पण शेगडीपाशी जात नाहीत. मला वाटलं, गुडघे असतील.

“गुडघे नाहीत, भावजी. पाहुणा आला तर चहासुद्धा मला टाकायला सांगतात. म्हणतात, माझ्या हातचं नको कुणाला.”

मग तिची रिक्षा आली. बसता बसता तिनं सांगितलं की ते मोठं पितळी पातेलं तू यंदाच्या बुद्ध पौर्णिमेआधी मोडीत घालणार आहेस. मावशीच म्हणाल्या म्हणे, ते डोळ्यांसमोर नको.

राजा, ते पातेलं मोडीत घालू नकोस. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण मी सदर लिहिणारा माणूस, आठशे शब्दांखाली मला थांबता येत नाही.

झालं ते तुला माहीतच आहे. तरी एकदा माझ्या हातानं लिहून बघतो. २०२३ ची बुद्ध पौर्णिमा. विहाराच्या मागच्या अंगणात मावशींनी पहाटे त्या पातेल्यात खीर केली. तीस वर्षं करत होत्या तशीच. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले, तोवर खीर पातेल्यातच राहिली. कडेनं हिरवट झाली. अकरा जणांना उलट्या, चार मुलांना सलाईन. डॉक्टरनं विचारलं, कशात शिजवलं होतं? मग पातेलं बघितलं, तर आत कल्हईचा पत्ता नाही, नुसतं पितळ. म्हातारीनं कल्हई न बघता दूध चढवलं, पितळ लागून खीर कळकली, असा निकाल लागला. मंडळासमोर तू स्वतः त्यांना म्हणालास, “आई, आता बस कर.”

आणि पंधरा दिवसांनी आमच्या साप्ताहिकात माझ्या सदरात ‘खिरीचा प्रताप’ आला. नाव कुणाचं नव्हतं. कळव्यात कुणाला नाव लागलंही नाही.

त्या लेखाबद्दल मी माफी मागतो. लेख वाईट होता. म्हणजे, चांगला लिहिलेला होता, म्हणून जास्त वाईट होता. आमच्या कॉम्प्लेक्समधले लोक लिफ्टमध्ये मला टाळी देऊन हसले. खीर विहारातली नसती तर ते इतके हसले असते का, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते कळत नसल्यासारखं केलं आणि दुसऱ्या मजल्यावर उतरलो. मी सातव्यावर राहतो.

मावशींना नमस्कार. सांगू नकोस वाटलं तर.

आनंद

डोंबिवली पूर्व, १३ एप्रिल २०२५

राजा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. उद्या चौदा एप्रिल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी या दिवशी कळव्याला असायचो, मावशी डबाभर बेसनाचे लाडू हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “डबा परत आण, मागच्या वेळचा अजून यायचाय.” उसनं आणलेलं परत न करण्याची माझी ख्याती तशी जुनी आहे.

मागच्या पत्रात मी लेखाची माफी मागितली. लेखाचीच का, असं तू विचारलं असतंस तर बरं झालं असतं. तू विचारत नाहीस, म्हणून मलाच विचारावं लागतंय.

त्या पौर्णिमेच्या आधी ते पातेलं आमच्याकडे होतं. तुला एवढंच आठवत असेल की आनंदनं वास्तुशांतीला नेलं आणि परत आणून दिलं. नेलं जून २०२२ मध्ये, दिलं एप्रिल २०२३ च्या शेवटी. अकरा महिने. भाड्याच्या घराचा करारही तेवढाच असतो.

वास्तुशांतीला शुभदाच्या माहेरच्यांना पुरणपोळी हवी होती, त्यामुळे कटाची आमटी आली. चिंचेची, गुळाची. साठ माणसांची केली, पंचेचाळीस आली. उरलेली आमटी रात्रभर पातेल्यातच राहिली, कारण दमलो होतो. सकाळी शुभदा म्हणाली, “अहो, पितळेत आंबट राहिलंय.” मी म्हणालो, “राहू दे, कल्हई कालपरवाचीच आहे. मावशी काही कच्च्या नाहीत.” मी त्यांच्या कल्हईचं कौतुक केलं आणि तेवढ्यावर ती संपवली.

दुसऱ्या दिवशी परत न्यायचं होतं. पण पाऊस होता. मग गणपती आले. मग पातेलं गॅलरीत गेलं आणि हळूहळू ते ‘मावशींचं पातेलं’ राहिलं नाही, ‘गॅलरीतलं पातेलं’ झालं. नळाला पाणी नसलं की त्यात टँकरचं पाणी भरायचो. शुभदानं कुंड्यांची माती त्यात कालवली. मार्चमध्ये समीक्षा आणि तिच्या मैत्रिणींनी होळीचा रंग कालवला, जांभळा. पोरीला मी ओरडलो नाही. तिनं आमच्या नव्या बादलीत कालवला असता तर ओरडलो असतो.

हे वाक्य मी लिहून दोनदा वाचलं. मनानं रचलेलं असतं तर सदराला छान झालं असतं.

रंग तळाला बसला. तो काढायला मी पातेलं घासलं. थोडं जोरात घासलं.

इतकंच होतं. आता तू ठरव.

आनंद

डोंबिवली पूर्व, २० एप्रिल २०२५

राजा,

‘थोडं जोरात’ म्हणजे काय, ते सांगतो. पण आधी मी काल कुठे गेलो होतो ते सांगतो. आडवळणानं सांगायची सवय आहे, वयानं जाईलसं वाटत नाही.

कल्याणला जगन नावाचा कल्हईवाला आहे. भट्टी, नवसागर, कथील, कापसाचा बोळा, सगळं जुन्या पद्धतीचं. गिऱ्हाईक फारसं नाही, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर. मी त्याच्याकडे गेलो आणि आपला काही संबंध नाही असा अभिनय करून विचारलं, “एका ओळखीच्यांचं पातेलं आहे. घासून घासून कल्हई जाऊ शकते का हो?”

मला त्याच्याकडून ‘नाही’ ऐकायचं होतं. पितळ जुनं होतं, कथील हलकं होतं, हवा खराब होती, त्यानं काहीही सांगितलं असतं तरी मी शंभर रुपये देऊन आलो असतो.

तो म्हणाला, “ओळखीच्यांनी उसनं नेलेलं का?”

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“मालकाचं भांडं बाहेरून काळं असतं, आतून पांढरं. आत तो हात फिरवतो, तार लावत नाही. उसनं नेणारा देताना घाबरतो. बाहेरून आरसा करून देतो आणि आतून पिवळं करून ठेवतो.” मग माझ्याकडे वर न बघता बोळा फिरवत म्हणाला, “तारेनं घासलेलं की ॲसिडनं?”

ॲसिडनं, राजा. आधी तारेची घासणी वापरली, तिनं जांभळा रंग निघेना. मग बाथरूमच्या फरश्या धुवायचं ॲसिड ओतलं. फेस आला, रंग गेला. तळ सोन्यासारखा पिवळा झाला. मी शुभदाला हाक मारून दाखवलं. ती आत वाकली आणि म्हणाली, “हे पांढरं असतं ना आतून?” मी म्हणालो, “मावशी करून घेतील कल्हई, दरवर्षी करतातच.” मला माहीत होतं की त्यांनी मला देण्याच्या आदल्या आठवड्यातच केली होती आणि मला सांगितलंही होतं, “आता वर्षभर बघायला नको.”

म्हणजे त्या बघणार नव्हत्या. हे मला माहीत होतं.

कल्हई करून द्यायला कल्याणपर्यंत जायचं होतं. माझं पातेलं असतं तर गेलो असतो.

आणखी एक आहे. भांडं परत देताना रिकामं देऊ नये, एवढं वळण आईनं लावलेलं. मूठभर साखर किंवा तांदूळ घालून द्यायचे. मी पाच किलो साखर घातली. तळ झाकेल इतकी. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, माया कामावर गेलेली होती. मावशी साखर चाचपून म्हणाल्या, “एवढी कशाला रे?” आणि बाहेरून हात फिरवून म्हणाल्या, “केवढं लख्ख केलंस.” साखर डब्यात ओतून त्यांनी ते लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावलं. माळ्यावर मीच चढवलं.

आठवड्यानं पौर्णिमा होती. पहाटे अंगणात एक पिवळा बल्ब, त्या उजेडात पितळ काय आणि कथील काय.

आता तू विचारशील की ‘खिरीचा प्रताप’ लिहिताना मला हे सगळं माहीत होतं का. पहिला परिच्छेद लिहिताना नव्हतं, किंवा मी माहीत होऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या परिच्छेदाच्या वेळी माहीत होतं. म्हणून तो जास्त विनोदी झालाय.

मावशींचा हात चुकला नव्हता. हे त्यांना सांग. मंडळाला सांग. माझ्याबद्दल काय हवं ते सांग.

आन्या

डोंबिवली पूर्व, १ मे २०२५

राजा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चौदा वर्षांचे होतो तेव्हा तू एवढंच आखूड लिहायचास. ‘मला का लिहितोस? आईला सांग.’ सही नाही. आमच्या वॉचमननं ते वाचून माझ्या हातात दिलं आणि चेहरा गंभीर केला.

तू मुद्दाम कामावर गेलास का, मला माहीत नाही. काल मी आलो तेव्हा घरात फक्त मावशी होत्या. काय झालं ते तुला त्यांच्याकडून कळलंच असेल, पण त्या माझ्या बाजूनं सांगतील अशी भीती वाटते, म्हणून लिहितो.

त्या खिडकीशी मेथी निवडत होत्या. मेथी निवडतात, फोडणीला टाकत नाहीत. मी बसलो आणि सगळं सांगितलं. आमटी, माती, रंग, ॲसिड. त्या निवडत राहिल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, “मला वाटायचं, माझा हात गेला. वय झालं की हात जातो माणसाचा.”

एवढंच. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शिव्यांना उत्तर देता येतं.

मग म्हणाल्या, “साखर त्यासाठी होती होय? मी सगळ्यांना सांगितलं होतं, रंगूचं पोरगं मोठ्या मनाचं निघालं, पाच किलो घातली.”

मी खाली बघितलं. त्यांच्याकडच्या फरशीची नक्षी मला आता पाठ आहे.

आणि मग त्यांनी ते विचारलं, जे मी तुला तीन पत्रांत लिहिलं नव्हतं. “रंगूचं पातेलं असतं तर तुला माझं न्यायची पाळीच आली नसती. कशाला मोडीत घातलंत रे ते?”

तुला आठवत असेल. माझी आई आणि तुझी आई, दोघींनी एकाच दिवशी, ठाण्याच्या बाजारातून, एकाच मापाची दोन पातेली आणली होती. ८७ ची दिवाळी. काठाखाली नावं घातलेली, एकावर शालन चांगदेव, एकावर रंगूबाई. चांगदेवकाका दोन्ही एका हातगाडीवर घालून ढकलत आले आणि वाटेत कळव्याच्या पुलावर दमून एका पातेल्यात बसले होते.

जून २०२२ मध्ये मी मावशींना सांगितलं होतं की आईचं पातेलं चिरलं म्हणून मोडीत घातलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “जाऊ दे. हे ने. हे रंगूचंच समज.”

राजा, आईचं पातेलं आमच्या हॉलमध्ये आहे. चिरलेलं बिरलेलं नाही. बाहेरून लॅकर मारून घेतलंय, काळं पडू नये म्हणून. त्यात वाळलेल्या गवताचे तुरे ठेवलेत, वर एक छोटा दिवा सोडलाय, पाहुणे आले की लावतो. वास्तुशांतीला शुभदा म्हणाली होती, हेच घेऊ या की चढवायला. मी म्हणालो, आईची आठवण आहे ती, गॅसवर काळी होईल. ती म्हणाली, “तुमचं आईवरचं प्रेम गॅसवर चढत नाही वाटतं.” आणि मी कळव्याला आलो, दुसऱ्याच्या आईचं घ्यायला.

हे मी काल मावशींना सांगितलं. या वेळी त्यांचे हात थांबले.

मग म्हणाल्या, “छापलंस ना माझं? मग हेही छाप. आणि यंदाच्या पौर्णिमेला रंगूचं पातेलं घेऊन ये. कल्हई करून आण. माझं राहू दे माळ्यावर. तुझं भांडं चुलीवर चढलेलं बघायचंय मला.”

मी म्हटलं, मावशी, ते तुमचंच समजा, ठेवून घ्या कायमचं.

“नको. उसनं दे.”

आन्या

डोंबिवली पूर्व, १८ मे २०२५

राजा,

पौर्णिमेला आपण दोघे एकाच अंगणात चार तास होतो आणि तू माझ्याशी एक शब्द बोललास. तो मी जपून ठेवलाय, पुढे येईल.

छापायचं म्हणशील तर छापून आलं. संपादकानं लेख वाचून विचारलं, “यात विनोद कुठंय?” मी म्हणालो, लेखक बघा. त्यानं तो सहाव्या पानावर शिकवणीच्या जाहिरातीखाली टाकला. ‘खिरीचा प्रताप’ पहिल्या पानावर होता. लिफ्टमध्ये या वेळी कुणी टाळी दिली नाही. एक जोशी म्हणून आहेत, ते फक्त म्हणाले, “एवढं सगळं लिहायची गरज नव्हती.” बहुतेक त्यांच्याकडेही कुणाचं तरी काहीतरी असणार.

पातेलं जगनकडे नेलं. त्यानं लॅकर बघितलं आणि विचारलं, हे काय लावलंय, लिपस्टिक? भट्टीवर धरलं तसं ते काळं होऊन उडालं. आत पांढरं झालं. मी हात फिरवून बघितलं. आईच्या हयातीनंतर पहिल्यांदा.

मग पहाटे विहारामागे तुम्ही तीन दगड मांडले, लाकडं लावली. मावशी आल्या तेव्हा बायका गप्प झाल्या होत्या, तू बघितलंस. त्यांनी आधी पातेल्याच्या काठाखाली बोट फिरवून आईचं नाव वाचलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाचता येतं म्हणाल्या. मग आत वाकून तळ बघितला, टॉर्च मागून घेतला, पुन्हा बघितला. आणि पातेलं चुलीवर चढवलं.

ज्वाळा बाजूनं वर आल्या, पितळेला पहिला काळा पट्टा आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “जरा जपून हं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माया, मंडळाचे लोक, तू. मला वाटलं, त्या चुलीतच शिरावं.

मावशी म्हणाल्या, “जपणार रे. उसनं आहे.”

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्या खरंच जपत होत्या. काठाला पळी आपटू देत नव्हत्या, मध्येच फडक्यानं उतू गेलेलं पुसत होत्या, कुणी दुसरं धरायला आलं तर कडी अशी धर म्हणून दाखवत होत्या. माझ्या आईच्या पातेल्याशी इतकं नीट मी कधी वागलो नव्हतो. मी फक्त त्याच्यावर दिवा लावला होता.

तेवढ्यात तू आलास, माझ्या हातात पळी दिलीस आणि म्हणालास, “ढवळ.”

मी दोन तास ढवळलं. खांदा अजून दुखतोय. शुभदा म्हणते, मलम लावा. मी लावत नाही, ही माझी नाटकं समज.

खीर वाटताना बायका आधी मावशींकडे बघत होत्या, मग द्रोण पुढे करत होत्या. दोन वर्षांपूर्वी सलाईन लागलं होतं त्यातला एक मुलगा दुसऱ्यांदा मागायला आला, तेव्हा मावशींनी पदर तोंडाला लावला. तू तेव्हा मुद्दाम पाण्याचे पिंप बघायला गेलास. मीही तिकडेच यायला निघालो होतो, पण एका पिंपाशी दोघांना बोलायला काहीतरी लागतं, म्हणून थांबलो. ‘आता बस कर’ म्हणालास ते तुलाही लागलंय, हे मला कळतं. ते तुझ्या तोंडी मी घातलं. हेही माझ्याच नावावर धर.

काल माया पातेलं परत घेऊन आली. पाच दिवसांत. मी म्हटलं, इतकी घाई कशाला केली? ती म्हणाली, “आई म्हणाल्या, उसनं घरात फार दिवस राहिलं की आपलं वाटायला लागतं.”

आतून पांढरंशुभ्र. तळाशी मूठभर साखर. मूठभरच, राजा. बाकी तळ सगळा दिसत होता.

बाहेरून मात्र काळंकुट्ट. माया जरा अवघडून म्हणाली, “आतलं आईंनी स्वतः धुतलंय, कुणाला हात लावू दिला नाही. बाहेरचं तुम्ही घासा म्हणाल्या.” आणि मग म्हणाली, आज सकाळी आईंनी चहा टाकला. सगळ्यांना.

पातेलं हॉलमध्ये होतं तिथेच ठेवलंय. गवत काढून टाकलं. बाहेरचं अजून घासलेलं नाही. आळस नाही. ते असं काळं असलं की येणारा विचारतो, हे काय, आणि मला सांगावं लागतं.

कालपासून चार जण आले. तिघांना खरं सांगितलं. एकाला सांगितलं, जुनं आहे.

जयभीम.

आन्या